सॉफ्टवेअर अडलंय, तपासायला कुठून सुरुवात करायची? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर आणि आसपासची दुकानं, दूध संस्था, अकाउंटंट, वर्कशॉप आणि लहान ऑफिसं यांच्यासाठी हे पान आहे. तिथं सगळं काम एक-दोन कंप्युटरवर चालतं आणि दर वेळी माणूस बोलावणं परवडत नाही. उदाहरणं विंडोजची घेतली आहेत. तपासायची रीत मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरला लागू पडते.

प्रोग्रॅम चालत नाही. सगळ्यात आधी काय करू?

आधी काहीही बदलू नका. स्क्रीनवर आलेला पूर्ण संदेश मोबाइलवर फोटो काढून ठेवा. "एरर आली" एवढ्यानं काही कळत नाही. संदेशातला क्रमांक, फाइलचं नाव आणि वेळ यांवरूनच पुढचा शोध सुरू होतो. त्याच्या लगेच आधी काय केलं होतं तेही लिहा: कुठलं बटण दाबलं, कुठल्या ग्राहकाचं बिल होतं, कुठली तारीख टाकली होती.

मग प्रोग्रॅम बंद करून डेटाच्या फोल्डरची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. हे दुरुस्तीच्या आधीच व्हायला हवं, कारण नुकसान बहुतेक वेळा मूळ बिघाडापेक्षा घाईत केलेल्या दुरुस्तीनं होतं. सर्रास दिसणारी घाई म्हणजे प्रोग्रॅम अनइन्स्टॉल करून पुन्हा टाकणं. काही हिशेबी सॉफ्टवेअरचा डेटा प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये असतो, तोही त्याबरोबर जाऊ शकतो. डेटा वाचला तरी सेटिंग आणि बिघाडाच्या खुणा पुसल्या जातात, आणि महिन्याभरानं तोच त्रास पुन्हा झाला तर शोधायला काही उरत नाही.

त्यानंतर तीन प्रश्न विचारा. हे आधी चालत होतं का, आणि शेवटचं नीट कधी चाललं? एकाच मशीनवर होतंय की सगळ्या? दर वेळी होतंय की अधूनमधून? या तीन उत्तरांतच निम्मा शोध उरकतो. एकाच मशीनवर होत असेल तर सर्व्हर आणि इंटरनेट कंपनीवरचा संशय बराच कमी होतो. सगळीकडे एकदम होत असेल तर एकेका मशीनशी झटापट करण्यात अर्थ नाही.

रिस्टार्ट केलं की चालतं. मग कारण शोधत कशाला बसायचं?

रिस्टार्ट करायला हरकत नाही, पण त्याला उपाय न मानता तपासणी माना. रिस्टार्टनं बरं होत असेल तर बिघाड डिस्कवरच्या फाइलीत नसून चालू असताना मेमरीत साठत जाणाऱ्या कशात तरी असण्याची शक्यता जास्त. टास्क मॅनेजर उघडून त्या प्रोग्रॅमनं किती मेमरी घेतली आहे ते सकाळी आणि दुपारी लिहून ठेवा. काम तेवढंच असताना आकडा दिवसभर चढतच असेल, तर ती प्रोग्रॅममधली चूक आहे आणि ती बनवणाऱ्याला कळवायला तुमच्याकडे पुरावा आहे.

"रोज रात्री बंद करतो, तरी त्रास होतो" असं म्हणणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन पूर्ण होत नाही. सिस्टिमचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर सीपीयूखाली "अप टाइम" बघा, रोज बंद होणारं मशीन कित्येक दिवस चालू असल्यासारखं दिसेल. रिस्टार्टनं मात्र सगळं नव्यानं सुरू होतं. पूर्ण बंदच करायचं असेल तर शिफ्ट दाबून धरून शटडाउनवर क्लिक करा.

बिघाड नेमका कुठं आहे हे ओळखायचं कसं?

मधोमध तोडून. नदीवरून शेतापर्यंत पाइपलाइन आहे आणि उसाला पाणी पोचत नाही, तर मोटारीपासून प्रत्येक जोड उकरत कुणी जात नाही. आधी मधला व्हॉल्व्ह उघडून बघतात. तिथं पाणी असेल तर बिघाड पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या.

बिल छापलं जात नाही हे उदाहरण घ्या. साखळी अशी असते: बिलिंग प्रोग्रॅम, विंडोजचा ड्रायव्हर (प्रिंटरशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम), प्रिंट स्पूलर (छापायची कामं रांगेत ठेवणारा भाग), केबल किंवा वायफाय, प्रिंटर. मधोमध तोडायचं म्हणजे नोटपॅडमध्ये दोन ओळी लिहून त्याच प्रिंटरवर छापायच्या. छापलं गेलं तर ड्रायव्हर, स्पूलर, केबल आणि प्रिंटर एकदम सुटले, आता फक्त बिलिंग प्रोग्रॅममधली प्रिंटरची निवड आणि कागदाचा आकार बघायचा. नाही छापलं तर प्रिंटरची स्वतःची चाचणी घ्या. बऱ्याच डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर लाइन फीडचं बटण दाबून धरून प्रिंटर चालू केला की कंप्युटरशिवाय नमुना छापतो. तो नीट आला तर प्रिंटर ठीक, बिघाड केबल ते विंडोज एवढ्यात.

तिथं दोन दोष वारंवार सापडतात. एक, स्पूलरमध्ये जुनं काम अडकलेलं. सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर थांबवा, विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमधल्या स्पूलच्या आत "प्रिंटर्स" फोल्डर आहे, त्यातल्या फाइली काढा (फोल्डर ठेवा) आणि स्पूलर पुन्हा सुरू करा. दुसरा दोष नेटवर्क प्रिंटरचा: लाइट जाऊन आली की राउटर त्याला वेगळा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) देतो आणि विंडोज जुन्याच पत्त्यावर शोधत बसतं. स्क्रीनवर फक्त "ऑफलाइन" दिसतं. राउटरमध्ये त्या प्रिंटरसाठी पत्ता राखून ठेवला की हा त्रास थांबतो.

एका वेळी एकच बदल करा म्हणता, त्यात वेळ जात नाही का?

जातो, पण एकदाच. ड्रायव्हर बदलला, अँटिव्हायरस बंद केला, केबल बदलली आणि चालू झालं, तर कशानं चालू झालं ते सांगता येत नाही. मग तिन्ही बदल तसेच राहतात: अँटिव्हायरस बंदच, चांगली केबल कचऱ्यात. एक बदल करा, तीच कृती तशीच पुन्हा करून बघा, फरक पडला नाही तर बदल मागं घ्या आणि मगच पुढचा. मागं घेणं बहुतेक जण विसरतात. त्यामुळे चार प्रयोगांनंतर मशीन मूळ स्थितीपासून इतकं लांब गेलेलं असतं की नंतर येणाऱ्या तंत्रज्ञालाही थांग लागत नाही.

प्रत्येक कंप्युटरजवळ एक साधी शंभर पानी वही ठेवा. तारीख, वेळ, काय दिसलं, काय बदललं, काय झालं एवढंच लिहा. ती वही कंप्युटरमधल्या फाइलीत ठेवू नका, मशीनच उघडेना झालं तर नोंदीही आत अडकतात.

दूध संकलनाच्या वेळी काटा किंवा फॅट मशीनचा आकडा कंप्युटरवर येत नाही. दोष कुणाचा?

पहाटे रांग लागलेली असताना हा प्रश्न येतो, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो. काटा आणि मिल्क अॅनालायझर बहुधा सीरियल केबलनं आकडा पाठवतात आणि मध्ये यूएसबीचा कन्व्हर्टर असतो. आकडा अजिबात येत नाही की कचरा येतो, हे पहिल्यांदा बघा.

मशीनच्या स्वतःच्या डिस्प्लेवर आकडा दिसतोय, पण स्क्रीनवर काहीच नाही, तर डिव्हाइस मॅनेजर उघडून "पोर्ट्स" खाली बघा. कन्व्हर्टर दुसऱ्या यूएसबी खाचेत लावला की त्याचा कॉम क्रमांक (पोर्टचा नंबर) बदलू शकतो. काल कॉम ३ होता तो आज कॉम ५ होतो आणि सॉफ्टवेअर ३ वरच ऐकत बसतं. म्हणून खाचेवर मार्करनं खूण करा आणि कन्व्हर्टर कायम तिथंच लावा. पोर्ट यादीत नसेल किंवा पिवळा त्रिकोण असेल तर ड्रायव्हर किंवा कन्व्हर्टर तपासायचा.

आकड्याऐवजी भलतीच चिन्हं येत असतील तर केबल जोडलेली आहे, पोर्टही बरोबर आहे, बहुधा वेग किंवा त्याबरोबरची सेटिंग जुळत नाही. दोन्हीकडचा बॉड रेट (आकडे पाठवायचा वेग), डेटा बिट (एका अक्षरासाठीचे बिट) आणि पॅरिटी (चूक ओळखायची खूण) सारखी हवी. ९६०० बॉड हा बराच प्रचलित वेग आहे, पण अंदाजानं टाकू नका, मशीनच्या पुस्तिकेत किंवा सेटिंगमध्ये बघा. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनला (कंप्युटरच्या हुकुमावर चालणारं यंत्र) प्रोग्रॅम पाठवताना नेमकी हीच अडचण येते. तिथल्या बऱ्याच कंट्रोलना ७ डेटा बिट आणि इव्हन पॅरिटी लागते, कंप्युटरचं सॉफ्टवेअर मात्र ८ आणि पॅरिटी नाही असं धरून चालतं.

सुरुवातीला नीट येतं आणि मध्ये थोडा वेळ काम थांबलं की बंद होतं, असं असेल तर विंडोज वीज वाचवायला यूएसबी बंद करतंय का ते पाहा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंट पानावरची टिक काढून टाका.

बिघाड कधीतरीच होतो, माणूस आला की सगळं नीट चालतं. असा कसा पकडायचा?

वेळेच्या नोंदीवरूनच पकडता येतो. प्रत्येक वेळी तारीख आणि मिनिटापर्यंतची वेळ लिहा. आठ-दहा नोंदी जमल्या की त्या शेजारी ठेवून बघा: ठरावीक तासाला होतंय का, ठरावीक माणूस असताना, ठरावीक ग्राहकाचं खातं उघडताना, बॅकअप किंवा अँटिव्हायरसचं स्कॅन सुरू असताना?

मग स्टार्टमध्ये रिलायबिलिटी शोधून रिलायबिलिटी मॉनिटर उघडा. दिवसागणिक काय कोलमडलं आणि काय इन्स्टॉल झालं ते एका तक्त्यात दिसतं. अधिक बारीक नोंदी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये असतात. तिथली लाल चिन्हं बघून घाबरू नका, धडधाकट मशीनवरही ती असतात. डिस्ट्रिब्यूटेड कॉमची १००१६ ही नोंद तर जवळपास सगळीकडे दिसते आणि सहसा निरुपद्रवी असते. तुमच्या वहीतल्या वेळेच्या आगेमागे पाच मिनिटांत काय आहे तेवढंच वाचा.

केर्नेल-पॉवर ४१ ही नोंद मात्र कामाची. मशीन व्यवस्थित बंद न होता अचानक थांबलं, एवढंच ती सांगते. वर्कशॉपमध्ये या नोंदींची वेळ आणि मोठी मोटार किंवा कंप्रेसर सुरू होण्याची वेळ जुळत असेल तर सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी व्होल्टेज आणि यूपीएसची बॅटरी तपासा. हिशेबी प्रोग्रॅमची डेटा फाइल वारंवार खराब होण्यामागं असं अचानक बंद पडणं पुष्कळदा असतं, कारण अर्धी लिहिलेली नोंद तशीच राहून जाते.

इंटरनेट चालू आहे, पण जीएसटीचं पोर्टल किंवा बँकेची साइट उघडत नाही.

आधी तीच साइट मोबाइलच्या डेटावर उघडा. तिथंही अडत असेल तर बिघाड बहुधा त्यांच्याकडे. ५०० किंवा ५०३ असा क्रमांक दिसला तर सर्व्हर तुमच्यापर्यंत उत्तर पाठवतोय, पण स्वतः अडलाय. जीएसटीआर-३बीची २० तारीख जवळ आली की पोर्टलवर गर्दी होते, अशा वेळी आपल्या मशीनमध्ये काही बदलू नका.

मोबाइलवर उघडते, कंप्युटरवर नाही, तर ब्राउझरची खासगी खिडकी वापरून बघा. तिथं उघडली तर जुन्या कुकी किंवा एखादं एक्स्टेन्शन आड येतंय. तरीही नाही, तर कमांड प्रॉम्प्टमधून पिंग करा, म्हणजे पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का बघा. पहिल्यांदा राउटरला (पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा ०.१), मग ८.८.८.८ ला (हा गुगलच्या सर्व्हरचा पत्ता), मग साइटच्या नावाला. राउटर उत्तर देत नसेल तर केबल किंवा वायफाय. ८.८.८.८ अडत असेल तर इंटरनेट कंपनी. आकड्याला उत्तर येतं पण नावाचा पत्ताच सापडत नाही, तर डीएनएस (साइटच्या नावावरून आकडी पत्ता शोधून देणारी सेवा). काही साइट पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत. नावापुढं आकडी पत्ता दिसला म्हणजे डीएनएसचं काम झालं. स्वतःच्या मशीनचा पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर राउटरनं पत्ता दिलेलाच नाही.

सगळ्याच सुरक्षित साइट एकदम "प्रमाणपत्र चुकीचं" म्हणत असतील तर खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. डेस्कटॉपमधला सीआर २०३२ सेल उतरला की वीज गेल्यावर घड्याळ मागं जातं. सेल स्वस्तात मिळतो. आधी घड्याळ बरोबर करून खात्री करा आणि मग सेल बदला.

मराठी मजकुराचा कचरा झालाय. परत येईल का?

कचरा कसा दिसतोय त्यावर उत्तर आहे, म्हणून फाइल सेव्ह न करता आधी नीट बघा.

चौकोन दिसत असतील तर डेटा शाबूत आहे, फक्त फाँट नाही. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसत असेल तर मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेला आहे (युनिकोड म्हणजे सगळ्या भाषांची अक्षरं साठवायची एकच पद्धत). तो फाँट लावला की वाचता येतो, पण कायमचा उपाय म्हणजे कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणणं. एकेका मराठी अक्षराच्या जागी तीन-तीन युरोपीय अक्षरं आली असतील तर युनिकोड फाइल चुकीच्या पद्धतीनं उघडली गेली आहे. एक्सेलमध्ये सीएसव्ही फाइलवर डबल क्लिक केल्यावर हे होतं. त्याऐवजी डेटा टॅबमधून "फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही" निवडा आणि फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ युनिकोड (यूटीएफ-८) घ्या.

नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर मात्र वाईट. सेव्ह होतानाच अक्षरं गेली आहेत, ती त्या फाइलमधून परत येणार नाहीत. बॅकअप शोधा, आणि नवीन नोंदी टाकणं थांबवून सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला डेटाबेस युनिकोड घेतो का ते विचारा.

एक्सेलमध्ये खाते क्रमांक आणि तारखा आपोआप बदलतात. व्हायरस आहे का?

नाही. एक्सेल संख्येचे १५ अंकच अचूक ठेवतं. सोळा अंकी खाते क्रमांक टाकला की शेवटचा अंक शून्य होतो, आणि सुरुवातीचं शून्य तर केव्हाच गळतं. नंतर कॉलम टेक्स्ट केला तरी गेलेला अंक परत येत नाही. म्हणून कॉलम आधी टेक्स्ट करायचा, मग क्रमांक भरायचे. सभासदांच्या खात्यावर दूधबिल पाठवायच्या याद्यांत ही चूक महागात पडते. यादी बँकेकडे द्यायच्या आधी शेवटचा अंक शून्य असलेली खाती गाळून मूळ पासबुकाशी ताडून घ्या.

तारखांचा दोष ओळखायची सोपी खूण आहे: १ ते १२ तारखा उलट्या आणि १३ पासून पुढच्या डावीकडे सरकलेल्या. विंडोजचा प्रदेश अमेरिका असला की तो आधी महिना वाचतो. ०५/०३ चा मे महिन्यातला ३ तारखेचा दिवस होतो, आणि तेरावा महिना नसल्यानं १३/०३ नुसता मजकूर म्हणून राहतो. रीजनमध्ये इंग्लिश (इंडिया) करा. आधी चुकीच्या शिरलेल्या तारखा त्यामुळे सुधारणार नाहीत, ती फाइल नव्यानं आत घ्यावी लागेल.

जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलीत ६५,५३६ ओळीच मावतात. त्यापुढच्या ओळी तुटतात. मोठ्या याद्या एक्सएलएसएक्स प्रकारातच ठेवा.

अपडेट झालं आणि बंद पडलं. अपडेट काढून टाकू?

आधी अपडेट हिस्टरीतली तारीख आणि त्रास सुरू झाल्याची तारीख जुळते का ते बघा. जुळली तर अपडेट काढून पाहायला हरकत नाही, पण काढल्यावर चाललं म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका, कारण काढताना मशीन रिस्टार्टही झालेलं असतं. अपडेट पुन्हा टाका. त्रास परत आला तरच दोष त्याचा. मग अपडेट काही आठवडे थांबवून ठेवा आणि सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती मागा. सुरक्षेची अपडेट कायमची बंद ठेवणं हा उपाय नव्हे.

विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या मशीनवर नव्या आवृत्त्या अडायला लागल्या तर ते कारणही विचारात घ्या.

मशीन लई स्लो झालंय. काय काय बंद करू?

सी ड्राइव्हमध्ये मोकळी जागा आहे का ते आधी बघा, बऱ्याचदा तिथंच संपतं. जागा असेल तर सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये "हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस" वर टिक करा (ही टिक विसरू नका), उरलेल्या सर्व्हिस (मागं चालणारे प्रोग्रॅम) लिहून घेऊन बंद करा आणि रिस्टार्ट करा. फरक पडला तर निम्म्या चालू करा, मग त्यातल्या निम्म्या. सोळांपैकी दोषी एक चार चाचण्यांत सापडते. रजिस्ट्री साफ करणारे फुकट प्रोग्रॅम टाकू नका.

आम्ही इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आहोत. आमच्या कोडमधला बग याच पद्धतीनं सापडेल?

हो, आणि तुमच्याकडे साधनंही जास्त आहेत. एरर पूर्ण वाचा. पायथनमध्ये खरी तक्रार सगळ्यात खालच्या ओळीत असते. जावामध्ये वरची ओळ वाचून मग शेवटचं "कॉज्ड बाय" शोधा. कोड गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन) असेल तर गिट बायसेक्टला (त्यातली मधोमध तोडणारी आज्ञा) एक चालणारी आणि एक न चालणारी आवृत्ती सांगा. मधल्या हजार बदलांतून दोषी बदल दहाएक चाचण्यांत मिळतो. गिट नसेल तर प्रोग्रॅममधला एकेक भाग काढत जा आणि बग दिसेल एवढा सगळ्यात छोटा तुकडा उरवा. हे छाटणं करतानाच बहुतेक बग सापडतात.

बॅकअप पेन ड्राइव्हवर कॉपी होत नाही, जागा तर शिल्लक आहे.

ड्राइव्ह फॅट३२ प्रकारचा असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. आतलं सगळं दुसरीकडे काढून तो एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. आणि बॅकअप उघडून बघा, न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शाहूपुरीपर्यंत आलं होतं, त्यामुळे एक प्रत पूररेषेबाहेरच्या घरात किंवा क्लाउडवर हवीच.

सॉफ्टवेअर कंपनीला कळवताना काय लिहू?

"चालत नाही, लवकर बघा" असं लिहिलं की दोन दिवस उलटसुलट प्रश्नांत जातात. असं लिहा: "आवृत्ती अमुक. विंडोज ११. काल संध्याकाळी ५:४० पासून. नवीन बिल, ग्राहक निवडला, सेव्ह दाबलं की सोबतच्या फोटोतला संदेश येतो. दर वेळी येतो. दुसऱ्या मशीनवर येत नाही. रिस्टार्ट आणि नवीन युजर करून पाहिलं, फरक नाही." काय करून पाहिलं हे सांगितल्यानं तेच पुन्हा करायला लावत नाहीत.

मदतीसाठी मशीन रिमोटवर द्यायला सांगतात. द्यावं का?

फोन तुम्ही केलेला असेल आणि नंबर बिलावरचा किंवा सॉफ्टवेअरमध्येच दिलेला असेल, तरच. गुगलवर शोधून मिळालेला कस्टमर केअर नंबर वापरू नका, आणि "तुमच्या कंप्युटरमध्ये व्हायरस सापडलाय" म्हणून स्वतःहून आलेला फोन लगेच ठेवून द्या. जोडण्याआधी बँकेची पानं बंद करा, डिजिटल सहीचा टोकन काढून ठेवा आणि काम संपेपर्यंत स्क्रीनसमोरून उठू नका. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. शेवटी रिमोटचा प्रोग्रॅम बंद करा आणि त्यात कायमचा पासवर्ड ठेवलेला नाही ना ते तपासा. पैसे गेल्याचं लक्षात आलं तर आधी इंटरनेटची केबल काढा, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा आणि बँकेला खातं गोठवायला सांगा.